बारशीच्या संध्याकाळची खेप

कार्बन हा शब्द आमच्या डेअरीत शिरला तो आइस्क्रीमवाल्यांमुळे. त्याआधी कार्बन म्हणजे पावतीपुस्तकात घालायचा निळा कागद, याहून जास्त आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. नाशिक शहर संपतं तिथे आमचा कारखाना आहे. आजूबाजूच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ टेम्पोतून येतं, गार होतं, तापवलं जातं, पुन्हा गार होतं आणि पिशव्यांतून शहरात जातं. मी तिथली प्रयोगशाळा सांभाळते. आलेलं दूध टाकीत घ्यायचं की परत पाठवायचं हे माझ्या सहीने ठरतं. माझा स्वभाव तापट आहे, आणि माझ्या माघारी सगळे मला 'बॉयलर' म्हणतात हेही मला माहीत आहे.

मुंबईच्या एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीला आमचं क्रीम हवं होतं. त्यांची अट अशी, की दूध गोळा करताना आणि कारखान्यात त्यावर काम करताना तुम्ही हवेत किती धूर सोडता ते मोजा आणि कमी करून दाखवा. मालकांनी सगळ्यांना बोलावून हे सांगितलं, तेव्हा खऱ्या बॉयलरवर काम करणाऱ्याने विचारलं, "म्हणजे गाईच्या ढेकरांचं बिलही आपल्याच नावावर का?" सगळे हसले. मालक हसले नाहीत, कारण त्या क्रीमच्या भरवशावर त्यांनी नवीन शीतगृहाचा पाया आधीच खणला होता.

मोजणी करायला एक इंजिनिअर आला. पुण्याचा, तरुण, बोलायला गोड आणि कामाला चोख. पहिल्याच आठवड्यात त्याने वाफेच्या गळक्या पाइपा शोधल्या. टाक्या धुतलेलं गरम पाणी आम्ही सरळ गटारात सोडत होतो, ते बॉयलरकडे वळवलं तर किती इंधन वाचेल हे त्याने कोळशाने भिंतीवर आकृती काढून आम्हाला समजावलं. लाइट गेली की जनरेटर आधी कशासाठी चालवायचा आणि कशासाठी थांबायचं याचाही क्रम लावून दिला. मला तो आवडला होता. गावाकडे खोकल्याचा आजार काय वाढलाय, द्राक्षाला अवकाळी कसा झोडपतो, हे मी डोळ्यांनी बघते. धूर कमी व्हायला हवा यात मला शंका नव्हती. मग त्याने वाफेचं काम बाजूला ठेवलं आणि टेम्पोंचा हिशोब हातात घेतला, आणि मला माझं माहेर आठवलं.

त्याचा नियम सोपा होता. टेम्पोची प्रत्येक खेप वेगळी धरायची. त्या खेपेत डिझेल किती जळलं आणि चांगलं दूध किती पोचलं, याचा भागाकार. परत पाठवलेलं दूध धरायचं नाही. एकही खेप कंपनीने आखलेल्या रेषेच्या फार वर गेली, तर तो रस्ता बंद करायचा आणि टेम्पो दुसरीकडे लावायचा. थोड्या दुधासाठी लांबवर गाडी पळवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं मालकही म्हणाले.

सायखेड्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडून नदीकडे उतरलं की माझं माहेर. टेम्पो त्या उसाच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्याने फक्त माहेरासाठी आत वळतो, दुसरं कुठलंच गाव त्या रस्त्यावर नाही. आणि तिथलं संकलन केंद्र चालवते माझी भावजय.

केंद्र म्हणजे आमच्या जुन्या गोठ्याशेजारची पत्र्याची खोली. एक वजनकाटा, एक दुधातलं फॅट मोजायचं मशीन, एक टेबल आणि एक खुर्ची. केंद्र व्हायच्या आधी गावात एक व्यापारी यायचा. तो स्वतःचं माप घेऊन यायचा आणि बायकांनी मापाकडे बघितलं की मापात बोट बुडवून हसायचा. भावजयीला ते सहन झालं नाही. ती एसटीने एकटी नाशिकला आली, माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला तुमच्या मालकांकडं घेऊन चला." मालकांसमोर ती इतकी बोलली की मालकांना पाणी मागवावं लागलं. केंद्र मिळालं. तेव्हापासून गावातल्या बायका तिच्याकडे दूध घालतात, तिच्या काट्यावर भरवसा ठेवतात, आणि घरात जिला कोणी विचारत नव्हतं ती भावजय सगळ्या गावाला माहीत झाली. ती खुर्ची तिच्या आयुष्यातली पहिली स्वतःची खुर्ची होती. माझा भाऊ साधा माणूस. तो पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर सहज बसायला गेला तर तिने त्याला उठवलं होतं.

रोजच्या दिवशी आमच्या गावची खेप रेषेच्या जेमतेम खाली बसत होती. इंजिनिअरने मला तसं सांगितलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त त्याच्या नियमाप्रमाणे एक दिवस सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही खेपा त्याने स्वतः टेम्पोत बसून मोजायच्या होत्या. प्रत्येक रस्त्याला त्याने एकेक दिवस दिला. आमच्या वाट्याला आलेला दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितला आणि तिथेच थबकले. त्या दिवशी वसुबारस होती.

वसुबारशीला गाय-वासराची पूजा तर सगळीकडेच होते. आमच्या गावाचा नेम थोडा जास्त कडक आहे. त्या दिवशी संध्याकाळचं दूध वासराचं. पूजा झाली की दावं सोडायचं आणि वासराला पोटभर पिऊ द्यायचं. गाय अवघडू नये म्हणून उरलेलं काढायचं आणि गल्लीतल्या पोरांना वाटायचं. पण त्या दुधाला माप लावायचं नाही. म्हशीलाही तोच नेम. दरवर्षी त्या संध्याकाळी आमच्या गावातून टेम्पो रिकामा परत यायचा, आणि आजवर त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

मी इंजिनिअरकडे गेले. "ही तारीख बदला," म्हटलं. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "मॅडम, लक्ष्मीपूजनाच्या आधी आकडे द्यायचेत. बाकीचे सगळे दिवस भरलेत. आणि वसुबारस तर सगळ्यांचीच असते ना? पुण्यात आमच्याकडे त्या दिवशीही पिशवी येतेच." यावर मी काय बोलणार? माझ्याही घरी त्या दिवशी पिशवी येते. आमच्या कारखान्यात तर दिवाळीच्या तोंडावर सगळ्यात जास्त दूध लागतं. मी मालकांकडे गेले. मालक म्हणाले, "तुमच्या माहेरासाठी तारीख बदलली तर बाकीची गावं माझ्या दारात येऊन बसतील." तेही खोटं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

मी भावजयीला फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी शाळेत शिकवल्यासारखं.

"म्हणजे संध्याकाळची गाडी रिकामी गेली तर केंद्र गेलं?" तिने शेवटी विचारलं.

"गेलं."

"ताई, बारशीचं दूध नाय मिळायचं. बायका नाय ऐकायच्या."

"तू सांगितलंस तर ऐकतील."

"मी कशी सांगू? मी तरी कुठं घालणार हाय? लेकराबाळांसाठीचा नेम हाय तो."

माझा पारा चढला. "एका दिवसाने काय होतंय? वासरू उपाशी मरतंय का? वर्षभर त्याच्या तोंडचं काढून आपण मापात घालतोच ना?"

"म्हणून तर एक दिवस नाय घालायचं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "बायकांच्या बैठका चालू राह्यल्या तिथं. मला आत येऊ देईना." काय ठरलं हे त्याला माहीत नव्हतं. भावजय माझा फोन उचलत नव्हती. राग तिचा येत होता की कारखान्याचा हे मला नक्की सांगता येणार नाही. त्या खोलीला कुलूप लागलेलं मला दिसत होतं आणि तो बोट बुडवणारा व्यापारी पुन्हा गावात शिरलेला दिसत होता.

वसुबारशीच्या सकाळी टेम्पो आमच्या गावातून आला, त्यात इंजिनिअर पुढे बसलेला. कॅन उतरले तेव्हा माझ्या लक्षात आलं, दूध रोजच्यापेक्षा बरंच कमी आहे. माझा धीरच सुटला. संध्याकाळचं नाहीच, आणि आता सकाळचंही कमी! वाटलं, बायका चिडल्या आणि चिडून त्यांनी हातच आखडता घेतला. इंजिनिअरने हिशोब केला. खेप रेषेच्या थोडी वर गेली होती. "थोडी वर चालते," तो म्हणाला. "संध्याकाळी भरून आलं तर काही प्रश्न नाही." त्याला बिचाऱ्याला माझं तोंड उतरवायचं नव्हतं.

ती दुपार मी कशी काढली विचारू नका. पावसाळा संपून गेला होता आणि थंडी अजून कुठेच नव्हती. ऊन असं की कॅन उतरवायच्या डॉकवरच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसावा. दिवाळीच्या मालाची घाई होती, टाक्या काठोकाठ भरलेल्या, श्रीखंडाचं काम एकीकडे, पेढ्यांचं दुसरीकडे. मी तीनतीनदा बाहेर येऊन रस्त्याकडे बघत होते. गाडी रिकामीच येणार हे माहीत असताना माणूस रस्त्याकडे का बघतो, देव जाणे.

दिवेलागण झाली आणि टेम्पो आला. तो वळताना माझ्या कानांनी आधी ओळखलं. रिकामे कॅन खडखडतात, भरलेले खडखडत नाहीत. हा टेम्पो गप्प आला होता. मागचा फाळका खाली पडला आणि आत कॅन ओळीने उभे, झाकणं घट्ट, सगळे भरलेले.

मी खरं सांगते, मला रडू आलं. माझ्या एका फोनसाठी त्या बायकांनी नेम मोडला, वासरांना बांधून ठेवलं आणि धार काढून मापात घातली. आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला लगेच लाजही वाटली. आपण काय करायला लावलं त्यांना, असं झालं. इंजिनिअर उतरला, तोही खूश. "बघा मॅडम, आलं की नाही? तुम्ही उगाच काळजी करत होतात."

डॉकवरच्या कामगाराने पहिल्या कॅनचं झाकण काढलं. मी नेहमीसारखी पुढे वाकले, वास घेतला, आणि तशीच थांबले.

ताज्या दुधाला वास असतो आणि दिवसभर राहिलेल्या दुधालाही असतो. दोन्हींत गल्लत होण्यासारखी माझी नोकरी नाही. हे संध्याकाळचं दूध नव्हतं.

एका क्षणात सगळं लक्षात आलं. त्यांनी नेम मोडलेला नव्हता. संध्याकाळची धार वासरांनाच दिली होती. सकाळचं दूध विकायला देवाची हरकत नाही, म्हणून त्यांनी सकाळच्या दुधातलंच बाजूला काढलं, दिवसभर सांभाळलं आणि संध्याकाळी मापात घातलं. बारसही राहिली आणि गाडीही भरली. सकाळी दूध कमी का आलं याचं उत्तर माझ्यासमोर झाकण उघडून उभं होतं. इतकी साधी आणि इतकी भोळी युक्ती माझ्या माहेरच्या बायकांनाच सुचावी! कच्चं दूध, त्या उन्हात, हौदाच्या पाण्यात ठेवलेल्या कॅनमध्ये.

"काय झालं?" इंजिनिअरने विचारलं.

"तपासते," मी म्हटलं.

आमची तपासणी अवघड नसते. काचेच्या नळीत थोडं दूध घ्यायचं, तेवढंच अल्कोहोल घालायचं, हलवायचं आणि नळी उजेडाकडे धरायची. काच स्वच्छ राहिली तर दूध चांगलं. काचेला बारीक कण चिकटले तर ते दूध तापवताना फुटणार. मी नळी हलवली. उजेडाकडे धरायच्या आधीच मला कण दिसले.

मी नळी धुतली आणि पुन्हा केलं. कण. अल्कोहोलची बाटली जुनी असेल असं स्वतःला सांगितलं, आतून नवी बाटली आणली आणि पुन्हा केलं. पुन्हा कण. कामगार माझ्याकडे बघत नव्हता, तो टेम्पोच्या चाकाकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं की ते माझं माहेर आहे.

दुसरा कॅन. तोच प्रकार. तिसऱ्याला तर नळीची गरजच नव्हती. चौथ्या कॅनला मी नळी हलवली आणि काच स्वच्छ राहिली. हा कॅन फ्रिज असलेल्या घरांचा असणार. मी पुन्हा करून बघितलं, स्वच्छच. एक तरी! बहुतेक पुढचेही निघतील असं वाटलं. पाचवा उघडला आणि आशा तिथेच संपली. बाकीच्यांतही काही राम नव्हता.

आतली, संध्याकाळच्या दुधाची टाकी अर्धीअधिक भरली होती. पंधरा-वीस गावांचं दूध त्यात होतं, उद्या शहरातल्या घरांत जाणारं. त्यात हे ओतलं तर सगळ्या टाकीचं दूध धोक्यात. आणि नाही ओतलं तर? तर टेम्पो ही खेप जवळजवळ रिकामी करून आला, असं धरलं जाणार. उलट जास्तच वाईट, कारण नासलेलं दूध परत पोचवायला पुन्हा डिझेल. इंजिनिअर शेजारी उभा होता आणि त्याला अजून काही कळलं नव्हतं. मी नुसतं "घ्या" म्हटलं असतं तर कामगाराने कॅन उचलले असते. कोणी नळी मागितली नसती.

खिशातला फोन वाजला. भावजय. किती दिवसांनी तिने आपणहून फोन केला होता.

"पोचली का गाडी?"

"पोचली."

"ताई, मला बी जरा वास आला होता. दुपारी लाइट गेली, हौदात गार पाणी सोडायची मोटर बंद पडली, लय वेळ लाइट आलीच नाय. पण म्हटलं, तिथं आपल्या ताई हायेत. तुमी हायेत म्हणून धाडलं."

त्या वाक्याने मला जेवढं दुखलं तेवढं आजवर कोणाच्या शिवीनेही दुखलं नाही. माझ्यावरचा विश्वासच तिने कॅनमध्ये भरून पाठवला होता, आणि तो मला परत पाठवायचा होता.

"मी करते फोन," म्हणून मी तो बंद केला. मग कामगाराला म्हणाले, "चौथा घे. बाकीचे परत."

इंजिनिअरला मी सगळं सांगितलं, युक्तीसकट. "मी टीप लिहीन," तो म्हणाला. "सण होता, नेहमीचा दिवस नव्हता, असं." त्याने ती लिहिलीही, इंग्रजीत, चांगली सविस्तर. मला वाचून दाखवली. पण टीप तळाला असते आणि आकडा वर असतो. मालकांनी आकडा बघितला. महिना संपला की नदीकडचा रस्ता बंद, हे त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मी भांडले. आवाज चढवला, शेवटी नोकरी सोडायची धमकीही दिली. ते म्हणाले, "मॅडम, दूध तुम्हीच परत पाठवलंत ना?" मी बाहेर आले.

भाऊबीज पुढच्या काही दिवसांत. भावाला ओवाळायला जायचं नाही असा विचारही माझ्या मनात आला, पण माहेरी न जाणं म्हणजे तोंड लपवणं, आणि मी तोंड लपवणारी नाही. गेले. भावजयीने पाट मांडला, ताट तयार करून दिलं, पुरणाचं जेवण वाढलं. काही कमी पडू दिलं नाही. जेवण झाल्यावर चहा आणला तो कोरा. गोठ्यात तीन गाई उभ्या आणि माझ्यापुढे कोरा चहा! भाऊ म्हणाला, "अगं, दूध?" ती म्हणाली, "नासलं." भावाने मान खाली घातली. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. निघताना तिने ओटी भरली, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रस्ता बंद झाला. खोलीला कुलूप लागलं. मशीन आणि काटा कारखान्याने परत नेला, कारण ते कारखान्याचे होते. खुर्ची तिची होती, ती घरात आली आणि तिच्यावर धान्याचं पोतं बसलं, असं भावाने फोनवर सांगितलं. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावर आमच्याच कारखान्याला दूध देणारं एक केंद्र आहे, कोणातरी पुढाऱ्याच्या पुतण्याचं. आता आमच्या गावाने तिथे दूध घालायचं.

इकडे कारखान्यात अहवाल आला. आमच्या दूध संकलनातला धूर कमी झाला होता. क्रीमची ऑर्डर पक्की झाली. हिरव्या पानाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र काचेत बसवून दारासमोर लावलं, पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि रुमालात बांधून ठेवला, खाल्ला नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मी मुद्दाम त्या फाट्यावर गेले. थंडी कडाक्याची होती. केंद्राच्या समोर मोटारसायकली उभ्या होत्या, आणि नदीकडच्या कच्च्या रस्त्याने आणखी येतच होत्या. प्रत्येकीवर एक चालवणारा, मागे एक बाई, आणि तिच्या मांडीवर नाहीतर पायांमध्ये कॅन. कोणाकोणाच्या कॅनमध्ये तर पुरता तळ झाकेल एवढंही दूध नसेल. जुन्या गाड्या, थंडीने गारठलेल्या, किक मारून मारून धूर ओकत होत्या. रस्त्यावर निळसर ढग साचला होता आणि त्यात उभ्या राहून बायका पदर नाकाला लावून नंबराची वाट बघत होत्या. पूर्वी एका टेम्पोने जे केलं, ते आता अख्खं गाव पेट्रोल जाळून करत होतं, दिवसातून दोनदा.

मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. जे दिसतंय ते सांगितलं आणि विचारलं, "हा धूर कोणाचा? हा तुम्ही कुठे धरलात?"

तो खोटं बोलला नाही. "कुठेच नाही, मॅडम. शेतकरी केंद्रापर्यंत कसं आणतो ते आपल्या हिशोबात येत नाही. आपला हिशोब केंद्रापासून पुढे सुरू होतो." मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पण ही हद्द कंपनीने आखलीय." मी त्याला नको ते बोलले. त्याने ऐकून घेतलं.

फोन ठेवला तेव्हा भावाची गाडी येऊन उभी राहिली. मागून भावजय उतरली, कॅन काखेत धरून. मला बघून थांबली. गाव चालवणारी बाई आता रांगेत सगळ्यात मागे उभी होती, आणि पुढे पुढाऱ्याचा पुतण्या गॉगल कपाळावर चढवून बायकांचं दूध मोजत होता. मी तिच्याजवळ गेले.

"अजून रागावलीस?" एवढंच विचारलं.

तिने कॅन खाली ठेवला. थंडीने तिचे हात लाल झाले होते.

"दूध नासलेलं होतं, ताई. तुमच्या जागी मी असते तर मी बी परत धाडलं असतं. मी काय वेडी हाय का, मला कळत नाय?" ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "तुमचं चुकलं असतं ना, तर मी भांडले असते. चार दिवस अबोला धरला असता, मग मिटलं असतं. पण तुमचं चुकलंच नाय. मग मी आता मिटवू काय?"

रांग पुढे सरकली. तिने कॅन उचलला आणि पुढच्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिली.